कुड्या कुठं गेल्या?

माझी नवी लेन्स ५० एमएम, १.८ ची आहे, हे मी भाजीवाल्यालाही सांगून झालंय. ती पूर्ण उघडली की माणूस तेवढा लख्ख उठतो आणि मागचा पसारा लोण्यासारखा विरघळतो. आई जरीकाठाची साडी नेसून, मोत्याच्या कुड्या घालून खुर्चीत बसली.

"कुठं बघू?"

"कुठंच नको. सहज बस."

"सहजच बसायचं तर गाऊनवर काढायचास की!"

अशा वेळी मला न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपरचा हेवा वाटतो. रसायनशास्त्राचा प्राध्यापक. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरचं फोटो काढायचं तंत्र जाहीर झालं आणि १८४० मध्ये या गृहस्थानं सख्ख्या बहिणीला, डोरोथीला, कॅमेऱ्यासमोर बसवलंसुद्धा. चेहरा नीट उमटावा म्हणून सुरुवातीच्या प्रयोगांत तो चक्क पीठ फासायचा. एक्स्पोजर म्हणे ६५ सेकंदांचं! तेवढा वेळ ती बाई हलली नाही. टोपीवरची फुलंसुद्धा ओळखू येतात. भावाच्या खेळण्यापायी इतकी गप्प बसणारी बहीण त्यानंतर जन्मलेली नसावी. निदान आमच्या घराण्यात तरी नाही. मला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो, पण नेमका तेवढ्यात आईला गॅस आठवतो. त्या फोटोत तिचं तोंड 'गॅ'वर उघडं आहे.

अखेर एक अप्रतिम जमला. आईनं चष्मा लावून पाहिला.

"कुड्या कुठं गेल्या?"

मी डेप्थ ऑफ फील्ड समजावलं. मीटरभर अंतरावरून १.८ ला जेमतेम चार सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे त्यात, कान बाहेर.

"एवढे पैसे मोजून कानापर्यंतसुद्धा पोचत नाही?"

कला कळायला नजर लागते, असं काहीसं मी पुटपुटलो.

"कला राहू दे. मला भिंतीवर लावायला हवाय. तुझ्या बाबांसारखं नको व्हायला."

बाबांचा फोटो त्या रात्री घाईघाईत कुठल्याशा लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढला होता. ढीगभर अल्बम, पण एकटे बाबा कुठेच नव्हते. त्यांना एकट्याला कुणी कधी बसवलंच नव्हतं. फोटोत त्यांच्या खांद्यावर मनगटापर्यंत एक हात राहिलाय. तो धाकट्या काकांचा. वाटणीनंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आई हार घालते तो बरोबर त्या हातावरून.

मी काही न बोलता दोन पावलं मागं सरकलो आणि लेन्स मिटवत ८ वर आणली. आता कुड्या आल्या, कपाट आलं, कपाटावरची बॅग, कॅलेंडर, त्यावर लिहिलेला गॅस सिलिंडरचा नंबर, सगळं आलं. आईनं फोटो मोठा करून दोन्ही कान तपासले.

"हा झकास. भिंतीची घाई नाही. आधी डीपीला लाव, मावशीला दिसू देत कुड्या."