नित्य आनंदी राहण्याची रीत : घाटावरच्या आणि घाटाखालच्या ख्रिस्ती रहिवाशांसाठी

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा, पण मुलूख दोनच : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार; तिथे मे महिन्यातही संध्याकाळी अंगणात बसता येतं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. तिथे मे महिन्यात अंगणात फक्त पापड बसतात. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती 25 लाख 86 हजार भरली. त्यात आम्ही ख्रिस्ती इतके थोडे की नाताळच्या फेरीला रांग लांब दिसावी म्हणून फोटोवाल्यालाही रांगेत घेतो. तरी नित्य आनंद करण्याची आज्ञा आम्हांलाही लागू आहे, संख्येनुसार सूट नाही. आणि आज्ञा आहे म्हटल्यावर तिची रीत कोणीतरी लिहून ठेवायला हवी. पुढे दिलेली रीत घाटाखाली, नांदुऱ्याकडे तपासून पाहिलेली आहे. घाटावर तिचा गुण थोडा जास्त दिसला तर श्रेय हवेला द्यावं.

सुरुवात मोबाईलपासून करावी लागते, कारण दिवसाची सुरुवात तोच करतो. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी चिखलीच्या काकांचं वचन येतं. वचन चांगलंच असतं. तक्रार आहे ती त्याच्यामागच्या चित्राबद्दल. बर्फाचे डोंगर, टोकदार झाडं, निळं तळं. काकांना बर्फ माहीत आहे तो रसवंतीतला. पाच-वीसला तेच वचन मावशीकडून येतं, गुलाबावर. पावणेसहापर्यंत एकाच वचनाची सात चित्रं जमतात आणि फोन म्हणतो, जागा शिल्लक नाही. नवशिक्याने इथे फोन फडताळात ठेवून द्यावा. आधी म्हशीचं पाहावं, मग चहा, मग वचन. पुढे धाडलेल्या मजकुरावर म्हैस दूध देत नाही, हे आम्ही करून पाहिलं आहे.

वचनाखाली ‘आशीर्वादित सुप्रभात’ असतं. हे मराठी कुठल्या तालुक्यात बोलतात ते मला अजून सापडलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं या एका कामात घातली, की साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत बायबल यावं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922 च्या एप्रिलात त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. छापून आलं 1924 साली. छपाईचं काम मिशनमधल्या बायका-मुलींनीच केलं. बाईंनी एवढा खटाटोप केला आणि आम्ही सकाळी उठून एकमेकांना ‘आशीर्वादित’ करतो. त्यापेक्षा शेजारची म्हातारी कुंपणावरून ‘झाला का च्या?’ विचारते त्यात मला जास्त धीर वाटतो. म्हणून सूचना अशी, की जो शब्द त्या म्हातारीला ऐकवता येणार नाही तो सकाळी नऊच्या आत वापरू नये.

यानंतरचं साहित्य म्हणजे वचनांची डबी. मलकापूरच्या मावशीची पत्र्याची आहे. मुळात बामची असावी, झाकण काढलं की अजून डोळ्यांना झोंबते. आत बारीक कागदांच्या सुरळ्या. डोळे मिटून प्रार्थना करायची, एक सुरळी उचलायची, ते त्या दिवसाचं वचन. मावशी नियम पाळते, फक्त तीन-चार वेळा पाळते. मागच्या हंगामात सोयाबीन बाजारात न्यायच्या सकाळी पहिल्या सुरळीत सहनशीलता निघाली. ‘हे कालचंच हाय,’ म्हणत मावशीने ती गुंडाळून परत टाकली. दुसऱ्या सुरळीत शत्रूवर प्रीती. तिसरीत कोठारं भरण्याचं काहीतरी आलं तेव्हा तिने ‘आमेन’ म्हटलं आणि टेम्पो निघाला. भाव काय मिळाला ते विचारू नका; पहिलीच सुरळी खरी होती. आता तिने डब्या दोन केल्या आहेत, आशीर्वादांची घरच्यांसाठी आणि कानउघाडणीची पाहुण्यांसाठी.

हीच मावशी अक्षय तृतीयेला नाक मुरडते. त्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं, पिकांचं, राजाच्या गादीचं भाकीत सांगतात. ‘असल्यावर इस्वास ठिऊ नये,’ मावशी बजावते. आणि मग टीव्हीसमोरून हलत नाही : ‘पाऊस सांगतला का त्यायनं?’

तेव्हा डबी वापरायचीच तर पहिली सुरळी घ्यावी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, तरी आपण पहिल्या सरीलाच तिफण काढतो. एवढी घाई जमिनीत चालते, मग वचनांतच निवडानिवड कशाला?

आता सिद्धान्ताचा भाग. तो थोडक्यात उरकतो, कारण पाळक तो थोडक्यात उरकत नाहीत. नित्य आनंदाचा पाठ ज्यातून देतात ते फिलिप्पैकरांस पत्र पौलाने कैदेतून लिहिलं, हे संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ आहे. पण त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात, आनंदाच्या आज्ञेच्या जरा वर, युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना तो एकमताने राहा म्हणून विनवतो. वाद कशावरून होता ते लिहीत नाही. आमच्या महिला मंडळाचं म्हणणं, लिहायची गरजच नव्हती. नाताळच्या जेवणाची मोठी पातेली कोणाच्या घरी राहायची यावरूनच असणार. जवळजवळ दोन हजार वर्षं त्या दोघी आनंदाच्या पत्रात रुसून बसल्या आहेत आणि पत्र अजून वाचलं जातं. सबब मंडळीतला तंटा मिटल्यावर आनंद करू, असं म्हणून थांबू नये. आमच्याकडे थांबलेले लोक आहेत. दोघे त्यात वारले.

याकोबाच्या पत्रात एक सवाल आहे, की एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघेल का? सवाल असा टाकला आहे की उत्तर ‘नाही’च यावं. याकोब लोणारला आला नव्हता. उल्का पडून झालेलं तिथलं सरोवर इतकं खारट की 2020 च्या जूनमध्ये पाणी उघड गुलाबी झालं आणि जग पाहायला लागलं. पण त्याच विवराच्या काठावर गोमुखाची गोड धार पडत असते, आणि खाली कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, तिचं पाणी एका अंगाला गोड आणि दुसऱ्या अंगाला खारट असं सांगतात. सासू कुठल्या अंगाला, याबद्दल गावात दोन मतं आहेत. याकोबाचा मुद्दा जिभेबद्दल होता आणि तो योग्यच आहे. मी फक्त स्थानिक परिस्थिती नोंदवली.

गोड-खारटाचं म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळक वाचाव्यात. सदा हसतमुख राहणं म्हणजे विश्वास, अशी समजूत असलेल्यांनी तर दोनदा वाचाव्यात. नवरा 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन बसला; बाईंचा बाप्तिस्मा 1900 सालचा. मधली वर्षं रडण्याची, सोवळ्या-ओवळ्याची, माणसं तुटण्याची. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तेव्हा बाईंनी त्यातलं रडणं लपवलं नाही, नवऱ्याचा विक्षिप्तपणा झाकला नाही, स्वतःची फजिती तर चढवून सांगितली. आज एखाद्या बहिणीने साक्षीत इतकं खरं सांगितलं तर तिला बाजूला घेऊन समजावतील. साक्ष म्हटली की आमच्याकडे शेवट गोडच लागतो. चिखलीच्या काकांची ठरलेली साक्ष बुलढाण्याहून सुटलेल्या मलकापूर गाडीची आहे : गाडी चुकली, देवाने दुसरी दिली. ती दुसरी राजूर घाटात बंद पडली आणि काका भर उन्हात दोन तास वडाखाली बसले, हा भाग ते गाळतात. मला तोच ऐकायचा असतो.

रविवारची उपासना. वऱ्हाडात अलायन्स मिशनची अमेरिकन माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. त्यांच्या वक्तशीरपणातली आमच्याकडे फक्त घंटा उरली आहे. ती नऊला होते. नऊला पाळक, पाळकीणबाई आणि सतरंजी हजर असतात. साडेनऊला ढोलकी येते. पेटी तिथेच असते, पण तिचा भाता फाटला आहे. वर चिकटपट्टी लावली आहे, तरी दर तिसऱ्या मात्रेला पेटी दमेकऱ्यासारखा श्वास घेते आणि सारी मंडळी तिच्यासाठी थांबते. बाहेरून आलेल्यांना वाटतं ही आमची खास चाल. तरुण संघाने मध्यंतरी कीबोर्ड आणला, त्यात दोनशे वाद्यांचे आवाज आहेत. ढोलकीचा आहे, पेटीचा आहे, दम्याचा नाही.

गेल्या जूनमधल्या एका रविवारी संदेशाचा विषयच ‘नित्य आनंद’ होता. मुद्दे पाच. दुसरा मुद्दा अर्ध्यावर असताना वीज गेली. पंखे थांबले, माईक मेला, कीबोर्ड मेला. पाळकांनी आवाज चढवला, तेवढ्यात पत्र्यांवर पाऊस कोसळला. ते दोन मिनिटं ओठ हलवत राहिले, मग हसले आणि खाली बसले. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी खंजिरी काढली आणि नारायण वामन टिळकांचं एक भजन धरलं. गोऱ्या चालींच्या जागी अभंग आणि टाळ देवळात यावेत म्हणून टिळक आयुष्यभर झटले. ‘उपासना संगीता’तली त्यांची गीतं आम्हांला पुस्तकाशिवाय येतात, म्हणून अंधारातही अडलं नाही. पावसात शब्द कोणालाच ऐकू येत नव्हते. मागच्या बाकावर माझे शेजारी गाता गाता बोटांवर काहीतरी मोजत होते. ओव्या नव्हत्या, मिलिमीटर होते. संदेशाचे उरलेले तीन मुद्दे अजून बाकी आहेत. मंडळीने आठवण करून दिलेली नाही.

शेवटी प्रोत्साहन. स्वतः आनंदी राहण्यापेक्षा हे अवघड, कारण यात समोरचा माणूस पळू शकत नाही. मागच्या नोव्हेंबरात बांधावरून घसरून मी पाय मोडून घेतला आणि तीन आठवडे खाटेवर प्रोत्साहन घेत होतो. पहिल्या दिवशी सहा जण आले. त्यांतल्या चौघांनी आपापला मोडलेला पाय किंवा हात सांगितला. एका भावाने प्लास्टरवर, नेमक्या हाडाच्या जागी हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांना भरून आलं आणि प्रार्थना आणखी लांबली. एका बहिणीने विचारलं, यातून प्रभू तुम्हांला काय शिकवतोय? मी म्हटलं, बांध ओला असताना चप्पल घालू नये. उत्तर तिला पटलं नाही.

ईयोबाला भेटायला त्याचे मित्र आले तेव्हा ते सात दिवस, सात रात्री जमिनीवर नुसते बसून होते. तेवढंच त्यांनी धड केलं. नंतर तोंड उघडलं आणि पुस्तकाचे चाळीस अध्याय झाले.

चौथ्या दिवशी लोणारचे मामा आले. पिशवीत भाकरी, ठेचा. खाटेच्या पायथ्याशी बसले, केळं सोललं, अर्धं मला, अर्धं स्वतः. वचन नाही, प्रार्थना नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले,

‘तुरीले पानी कोन देऊन रायलं?’

‘कोनी नाही, मामा. फुलावर आली हाय.’

‘लाइट कवा असते?’

‘या आठोड्यात रातची.’

‘बॅटरी कुठी हाय?’

मी सांगितलं, खुंटीला. मामा उठले, बॅटरी दाबून पाहिली, माझा जुना स्वेटर अंगात घातला. बासष्ट वर्षांचा माणूस. रात्रभर मोटारीचा आवाज खाटेवर येत होता. मध्येच थांबला की मी कान देऊन पडायचो, मग पुन्हा सुरू व्हायचा. पहाटे पाच-दहाला काकांचं वचन आलं तेव्हा मामा ओसरीवर चिखलाचे पाय धूत होते. तीन रात्री राहिले, मग गेले. शेंगा भरताना पुन्हा येऊन आणखी एक पाणी देऊन गेले.

नाताळच्या उपासनेत त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. घरून निघताना मी सांगून ठेवलं होतं की थोडं सविस्तर बोला. मामा उभे राहिले, टोपी काढली. ‘भाच्याच्या तुरीले दोन पानी देल्ले. शेंगा बऱ्या हायेत,’ म्हणाले आणि बसले. पाळकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पुढचं गीत सांगितलं. पेटीने तिसऱ्या मात्रेला दम घेतला, आम्ही थांबलो, मामांना ते माहीत नसल्याने ते एकटेच पुढे गेले.

एवढ्यावर रीत संपते. पेटीचा भाता नीट करून देणारा कारागीर घाटाखाली कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर सांगा. घाटावरचा असला तरी चालेल, गाडीभाडं मंडळी देईल.