अकरा वाजताचं पन्हं

"काय हो सुमनताई, भाऊजींच्या नाकातली नळी निघाली वाटतं?"

"निघाली एकदाची! दिवसभर नाकात नळी, गालावर चिकटपट्टी, कमरेला डबी. त्या अवतारात मंडईत निघाले होते. म्हटलं, निदान मागच्या गल्लीने तरी जा!"

"पण दुर्बीण झाली होती ना?"

"झाली की. अन्ननलिका स्वच्छ, ओरखडासुद्धा नाही. छातीत जळजळणाऱ्या पुष्कळांचं असंच असतं म्हणे. मग ही नळी, 24 तास. त्यातला 6 टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल सापडलं तर आजार पक्का. 4 च्या आत असेल तर नाही. मधे अडकलं की पुढच्या तपासण्या."

"छातीत दुखलं तेव्हा आमच्या बंड्याने मोबाइलमधल्या एआयलाच विचारलं. ॲसिडिटी म्हणून मोकळा!"

"छातीत दुखत असताना? नको गं बाई. आमच्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, मग पोटाकडे वळले. ह्यांच्या तपासणीतला एआय वेगळा. नळीचा आलेख म्हणजे नुसत्या वळवळत्या रेघा, वाचता वाचता डोळे जातात. असे ढीगभर आलेख दाखवून संगणकाला तयार केलंय. तो खुणा करतो, डॉक्टर तपासतात."

"मग काय निघालं?"

"इकडे या जरा. काही खाल्लं-प्यायलं की डबीचं बटण दाबायचं, वहीत लिहायचं. ह्यांच्या वहीत आठ वाजता मुगाची खिचडी, पुढे काही नाही. आणि आलेखात अकराला आम्ल! पण नळीवर जागोजागी कड्या असतात, त्यावरून दिशा कळते. पोटातलं आम्ल खालून वर येतं. हे गेलं होतं वरून खाली! संगणकाने ते गिळणं म्हणून वेगळं काढलं. डॉक्टर म्हणाले, 'काका, अकराला काय प्यालात?'"

"अगं बाई! काय?"

"पन्हं! चैत्रातल्या हळदीकुंकवाला करून ठेवलेलं. मी आपली समजतेय, मीच कमी केलं."

"म्हणजे आजार नाहीच?"

"आहे हो. पन्ह्याची मिनिटं वगळली तरी 6 च्या वरच. आणि बहुतेक सगळं आडवं झाल्यावरचं. आता गोळी नाश्त्याआधी अर्धा तास, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, आणि उशाकडची बाजू उंच. ह्यांनी लगेच पलंगाच्या पायांखाली विटा सरकवल्या."

"तरीच! आमच्या तुळशीपाशी दोन विटा कमी दिसतायत."