बिंदू-स्थापनेचा विधी (नवशिक्यांसाठी)

साहित्य: आलेख कागद, टोकदार शिसपेन, पट्टी, खोडरबर. खोडरबर मोठा घ्यावा.

प्रथम यजमानाने एक आडवी व एक उभी रेषा काटकोनात आखावी. आडवी तो क्ष-अक्ष, उभी तो य-अक्ष, छेदतात तो आरंभबिंदू. उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक’ असा संकल्प सोडावा. चार चरण पडतील. ते उजवीकडच्या वरच्यापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजावेत. का, ते विचारू नये. हे सारे ज्याच्या नावावर जमा आहे, त्या रने देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीच्या ग्रंथात असे ठरलेले काटकोनी अक्ष नाहीतच, आणि ऋण निर्देशकांना त्याने जवळ केले नाही. आपल्या दहावीच्या पेपरात त्याचे गुण कापले गेले असते.

आता (३, २). आधी आडवे ३, मग उभे २. उलट केल्यास (२, ३) स्थापन होतो आणि दिसतो तितकाच सुबक, म्हणून चूक कळत नाही. घाबरटांनी (४, ४) घ्यावा. (३, ०) हा अक्षावरच बसतो. त्याला चरण विचारू नये. बिंदूला लांबी-रुंदी नसते, तेव्हा तो वाटाण्याएवढा काढणे अशास्त्रीय होय.

यजमान दहावीत असल्यास पुढे समीकरण येते. समजा, ३क्ष + २य = १२. क्षची किंमत कोणतीही घ्या, असे सांगतात. त्यावर विश्वासून १ घेतला की य ४.५ निघतो आणि बारीक चौकटी मोजत बसावे लागते. जाणकार मुकाट्याने ०, २, ४ घेतात. य येतो ६, ३, ०.

बिंदू तीन घ्यावेत, हे खरे महत्त्वाचे. दोन बिंदूंतून रेषा जातेच, दोन्ही चुकले असले तरी. तिसरा हा साक्षीदार. तो रेषेबाहेर उभा राहिला, तर कोष्टक पुन्हा तपासावे. बहुधा वजाचे चिन्ह गिळलेले सापडते. परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत मात्र साक्षीदार फोडण्याची प्रथा आहे: बिंदू इतका जाड करायचा, की रेषा त्याला कुठेतरी चाटून जाईल. हा उपाय करू नये. पट्टी परीक्षकाकडेही असते.