घर एकीकडे, वाट दुसरीकडे

तुमच्या मशीनवर जावा किती आहेत? ८, ११, १७, २१. जुनं काम ८ वर अडलेलं, नवं २१ शिवाय उठत नाही. चारही लागतात. मग आत्ता चालू आहे ती कोणती?

'जावा -व्हर्जन' टाइप केलं, १७ दिसलं, म्हणून सुटलात? तो आकडा पाथने दिलेला आहे. मेव्हन बघतं जावा_होमकडे. आणि तिथे अजून ८ ठाण मांडून बसलेली.

घर एकीकडे, वाट दुसरीकडे. बिल्ड कुठे जाणार?

मग येते ती 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' एरर. त्यात ६१ आणि ५२ असे आकडे असतात. त्यातून ४४ वजा करा: १७ आणि ८. म्हणजे १७ वर कंपाइल केलेलं तुम्ही ८ वर चालवताय. इतका सोपा हिशेब नवशिक्याला कोण सांगतं? त्याला सांगतात, 'सगळं काढ, पुन्हा टाक.' पोराची अख्खी दुपार गेली, आणि जावा_होम होतं तिथेच!

डेबियनवर 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' चालवून निर्धास्त झालात? त्याने फक्त जावाची लिंक बदलली. जावा_होमला हातही लावला नाही.

व्हेरिएबल बदललं, तरी उघड्या टर्मिनलला पत्ता नाही. कसा असेल? प्रत्येक प्रोसेस सुरू होतानाच आपली प्रत घेऊन येते. मागाहून केलेले बदल तिच्यापर्यंत पोचत नाहीत. नवी खिडकी उघडा. आयडीईही बंद करून पुन्हा उघडा.

क्रॉन तर तुमची .बॅशआरसी वाचतच नाही. दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री दोनला पडते, ती उगाच नाही.

विंडोजवर 'सेटएक्स'ने पाथ लिहू नका. १०२४ अक्षरांपुढचं ते कापून टाकतं. इशारा देतं, पण कापतंच.

पाथमध्ये जावाचा वेगळा पत्ता लिहायचाच कशाला? जावा_होममधला 'बिन' सगळ्यांच्या आधी लावा. घर बदललं की वाटही बदलेल.

आणि कुठली जावा हवी, हे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर का ठरावं? ते प्रोजेक्टने सांगायचं. एसडीकेमॅन वापरता, तर .एसडीकेमॅनआरसी फाइल रेपोत टाका. ग्रेडल असेल, तर टूलचेन लिहा. दोन-चार ओळींचं काम आहे.

तुमच्या रेपोत आहेत त्या ओळी?