श्वानधडक-मीमांसा

कुत्र्यामुळे माणसाला होणाऱ्या इजेला मराठीत एकच नाव आहे: चावा. सरकारी कागदावर त्याचा श्वानदंश होतो, एवढाच बदल. एरवी दुखण्याच्या बाबतीत ही भाषा हात आखडून बसलेली नाही. ठेच, टेंगूळ, खोक, ओरखडा, लचक, उसण, मुका मार अशी सगळी भांडी तिच्या मांडणीवर ओळीनं लावलेली आहेत. त्यातलं एकेक भांडं गेल्या सहा-सात वर्षांत आमच्या घरी वापरून झालं, आणि त्यात कुत्र्याच्या दाताचा वाटा शून्य आहे. शेपूट, कोपर, कवटी, पंजा आणि पार्श्वभाग यांचा मात्र भरपूर आहे. हा विषय कोणी विद्वान हाती घेईल म्हणून बरीच वाट पाहिली. शेवटी प्रस्तुत लेखकानेच तो हाती घेतला. उजव्या हाती, कारण डावा सध्या गळ्यात बांधलेला आहे.

विषयाची निकड कळावी म्हणून एक प्रसंग. भुवईवर खोक पडली म्हणून मी एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. टाके घालता घालता त्यांनी विचारलं, "कुत्रा चावला का?"

"नाही."

"मग?"

"खूश झाला."

त्यांचा हात थांबला. नोंदवहीत चाव्याचा रकाना होता, वाहन अपघाताचा होता, खुशीचा नव्हता. थोडा विचार करून त्यांनी ‘पडून’ असं लिहिलं. मी पडलो नव्हतो, मला पाडलं होतं. शाळेत प्रयोजक क्रियापद शिकवतात ते नेमकं अशा वेळी उपयोगी पडावं म्हणून. पण डॉक्टरांना पुढचा पेशंट घ्यायचा होता.

आता पाडणाऱ्याविषयी. नाव चिंटू, जात ग्रेट डेन, अंग पिवळसर, तोंड काळं. आला तेव्हा बुटाच्या खोक्यात मावत होता. नाव तेव्हाचं आहे, वजन आताचं. जातीच्या नावात डेन्मार्क असलं तरी कुत्रं मूळ जर्मनीतलं. रानडुकरांच्या शिकारीसाठी तिथे ते पोसलं. निफाडात ते पोचलं बिबट्यामुळे. आमची वस्ती गावापासून आत, कादवेच्या अंगाला. चारी बाजूंनी ऊस आणि द्राक्षबागा, म्हणजे बिबट्याला राहायला, लपायला, पिल्लं वाढवायला घरच्यासारखी सोय. आधीचा टिप्या एका रात्री ओट्यावरून गेला. सकाळी नुसती साखळी होती. तेव्हा बिबट्याच्या तोडीचं कुत्रं आणायचं असा घरात ठराव झाला. तोडीचं आलं. पण त्याला अंधारात बाहेर करमत नाही. त्यामुळे राखणीसाठी आणलेल्या जनावराची आम्ही आतून अडसर लावून राखण करतो.

तो दहा महिन्यांचा असताना चुलत आजीने त्याला दारात पाहिलं आणि विचारलं, "काय रे, हे कुत्रं हाये का वासरू?" हा प्रश्न दिसतो तितका गावरान नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये झ्यूस नावाचा ग्रेट डेन होता. खांद्यापाशी त्याची उंची १११.८ सेंटिमीटर, आणि गिनेस बुकात सर्वांत उंच कुत्रा म्हणून त्याची नोंद. त्याच्या घरच्यांनाही लोक हेच विचारत, फक्त वासराच्या जागी घोडा असे. त्याच्या मालकिणीची तक्रारही आमच्यासारखीच होती: पायावर पाय दिला की काळंनिळं होतं. याचं गणित सोपं आहे. आमच्या माल मोजायच्या काट्यावर चिंटूला बिस्किटाच्या आमिषाने बसवलं तेव्हा आकडा आला ६२ किलो, म्हणजे सव्वा गोणी कांदा. उभ्या कुत्र्याचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे एका पंजाखाली साडेअठरा किलो. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं धरतात. तेवढं करंगळीवर ठेवून बघावं.

सर्व आघातांत शेपटीचा आघात श्रेष्ठ, म्हणून तिला जास्त जागा देतो. आपल्या शास्त्रकारांनी कुत्र्याच्या शेपटीचा विचार केला नाही असं नाही. श्वपुच्छ-न्याय प्रसिद्धच आहे. पण त्यात सगळी चिंता तिच्या वाकडेपणाची. ग्रेट डेनची शेपूट जवळजवळ सरळच असते, आणि सरळ असणं हीच तिची खोड आहे. बुडाशी मनगटाएवढी जाड, टोकाला चाबकाएवढी, आणि वर केसांची गादी नाही. टीपॉयवरचे कप, उदबत्तीचं घर, धाकट्या भाच्याचा गाल आणि उभ्या माणसाची मांडी हे सगळं तिच्या एकाच फेऱ्यात येतं. मांडीपासून चार बोटं इकडे-तिकडे झालं तर काय होतं ते सभ्य प्रबंधात सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे येणारे पुरुष पाहुणे चिंटू आत आला की दोन्ही हात समोर जोडून धरतात. नवख्याला तो विनय वाटतो.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली तीस पाळीव कुत्र्यांच्या शेपट्यांचा झोल मोजला. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त जाते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे, असं त्यांना आढळलं. हे वाचून मी चहाचे कप चिंटूच्या डाव्या अंगाला ठेवावेत असा सिद्धान्त मांडला आणि पाडव्याला सहा कप त्याप्रमाणे ठेवले. मी दारातून आत आलो, शेपूट उजवीकडे गेली, कप शाबूत राहिले. सिद्धान्त खरा ठरला. मग तो मला भेटायला वळला. वळल्यावर डावं अंग उजवं होतं, याचा विचार इटलीत झाला असेल. आमच्या घरी झाला नव्हता.

या आनंदाची किंमत कुत्र्यालाही पडते. भिंतीवर, दारावर आपटून शेपटीच्या टोकाला जखम होते आणि ती भरायच्या आत पुन्हा आपटते. पशुवैद्य याला चक्क ‘हॅपी टेल’ म्हणतात. आमच्या बैठकीच्या खोलीत कमरेच्या उंचीवर तांबड्या ठिपक्यांची एक ओळ होती. शेजारच्या नानांनी ती पाहून, काही कापाकापी झाली का, असं हळूच विचारलं होतं. खरं सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

शेपटीखालोखाल कवटी. हिचं कारण खास निफाडी आहे. तालुक्याचं नाव ज्या दोन पिकांवर चालतं, ती द्राक्ष आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती मण्यांनी हे आधी सांगता येत नाही. अलीकडे पशुवैद्यांचा संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे, जे चिंचेतही असतं. लासलगावच्या कांद्याच्या पेठेपासून पिंपळगावच्या द्राक्षांपर्यंत सगळा मुलूख ज्याला पथ्याचा, असा हा निफाडकर. त्यामुळे हंगामात घरात मणी घरंगळला की तो उचलायला मी आणि चिंटू एकाच वेळी वाकतो. माझी नजर मण्यावर, त्याचीही मण्यावर. वर येताना त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली असतं. या सबंध प्रबंधात दात लागल्याचा प्रसंग हा एकच, आणि तो माझाच दात माझ्याच जिभेला.

धडकेचं मोजमाप मी वहीत केलं आहे. चिंटू बांधावरून ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाने येतो असं धरा. या जातीला ते अवघड नाही. वजन ६२ किलो. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, उत्तर येतं सुमारे दीड हजार ज्यूल. पन्नास किलोची कांद्याची गोणी दहा फुटांवरून सोडली तर खाली पोचताना तिच्यात तेवढीच ऊर्जा असते. फरक इतकाच की गोणी पडताना जीभ बाहेर काढत नाही, म्हणून माणूस बाजूला होतो. धडक प्रत्यक्षात अशी होत नाही हेही नोंदवतो. चिंटू शेवटच्या दोन ढांगांत थांबायचं ठरवतो, मागचे पाय थांबतात, पुढचं अंग येत राहतं.

परदेशी विद्वानांनी या शाखेत आकडे गोळा केले आहेत. कुत्र्या-मांजरांपायी पडून इजा झाल्यामुळे अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात वर्षाला ८६,६२९ माणसं तातडीच्या उपचारासाठी गेली, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. त्यातले ८८ टक्के कुत्र्यांच्या खाती. उरलेले मांजरांचे, वजनाच्या मानाने ते मला पुष्कळ वाटतात. साखळी धरून फिरायला नेताना झालेल्या इजांचा वेगळा अभ्यास आहे, आणि त्यात पहिला मान हाताचं बोट मोडण्याला मिळाला. आमच्याकडे खांद्याला मिळाला. नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ आम्हाला जवळ. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचा मोठा गौरव झाला. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ इथे बगळे फार, एवढाच. पाटाच्या कडेला एक बगळा उडाला, साखळीचा वेढा मनगटाला होता, आणि पुढचे पाच-सहा फूट मी जमिनीला समांतर गेलो. साखळी मुठीत धरावी, मनगटाला गुंडाळू नये. आंबेहळदीचा लेप पंधरा दिवस पुरला.

हिवाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचं तापमान थंडीत रोज वर्तमानपत्रात येतं. तो आकडा चार-पाचवर आला की मुंबई-पुण्याला निफाडचं कौतुक होतं, बागायतदार द्राक्षमणी तडकतील म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि अंगावर लोकर नसलेला ग्रेट डेन माझ्या गोधडीत शिरतो. आधी नाक, मग खांदे, मग कोपर. कुत्र्याच्या कोपराला मांस नसतं. बरगडी आणि कंबर यांच्यामधली जी मऊ जागा आहे तिथे ते टेकवून तो पहाटेपर्यंत घोरतो. सकाळी उसण भरलेली असते. घरचे म्हणतात थंडीने भरली.

आता ग्रंथांचा पुरावा. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागोमाग एक कुत्रा होता हे सर्वांना माहीत आहे. वाटेत आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. प्रत्येकाच्या पडण्याचं कारण धर्मराजाने सांगितलं आहे आणि ते प्रत्येकाच्या स्वभावातल्या दोषाचं आहे. तत्त्वज्ञान म्हणून ते मान्य. पण डोंगरातली अरुंद वाट, पाच माणसं एकामागून एक पडतात, आणि कुत्रा शेवटपर्यंत ठणठणीत, हा घटनाक्रम माझ्यासारख्या अनुभवी माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पाणिनीचं एक सूत्र तर यापुढे जातं. श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि इंद्र, या तिघांना त्याने एकाच सूत्रात बसवलं. पुढच्या लोकांनी त्यावर थट्टा केली. मला त्या तिघांत फार फरक दिसत नाही. आपला आकार किती हे तिघांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

दोष कोणाचा, हा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मगावी टाळता येत नाही. त्यांचा जन्म इथला, १८४२ चा. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हयगय करणारा मालक शिक्षेला पात्र आहे. पण जनावर माझं, हयगय माझी आणि बरगडीही माझी. फिर्याद घेऊन गेलो तर मला आत घ्यावं की पाणी द्यावं हे ठरवताना हवालदाराची पंचाईत होईल. पूर्वपक्ष म्हणतो, मग एवढं मोठं कुत्रं ठेवावंच कशाला? उत्तरपक्ष या वेळी पूर्वपक्षाच्या पायावर बसलेला असतो. या जातीचे कुत्रे साधारण आठ-दहा वर्षं जगतात. चिंटूचं सातवं चालू आहे. निरीक्षणं घाईनं लिहून काढली त्याचं कारण तेच.

मर्यादा सांगतो: इथलं सगळं लाडाला लागू आहे. कुत्रं कोणाचंही असो, त्याचा दात लागून कातडी फुटली तर हा प्रबंध मिटून ठेवा, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

बाकी आमच्याकडे जरूर या. फाटकापाशी थांबून हाक मारा. चष्मा खिशात ठेवा, पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे जरासे वाकवा, आणि पाठ द्राक्षाच्या मांडवाच्या खांबाला टेकवा. तारेला नको. हात कुठे धरायचे ते वर आलंच आहे. पिशवीत बेदाणे असतील तर गाडीतच राहू द्या.