पायाखालची चांदी

गाडीला दागिने घालायचेच तर जागा भरपूर आहेत. मागे पंख, बाजूला पट्टे, सायलेन्सरला भसाडा आवाज. हे सगळं निदान लोकांपर्यंत पोचतं, शेजाऱ्याची झोप तरी उडते. रेसिंग पेडलांचं तसं नाही. हा दागिना स्टिअरिंगच्या खाली, अंधारात, बुटाच्या तळव्याखाली घालायचा असतो. गाडी चालू असताना तो चालवणाऱ्यालाही दिसत नाही, आणि दिसत असेल तर साहेबांचं रस्त्याकडे लक्ष नाही. म्हणून बसवल्याबरोबर दार उघडायचं, गुडघ्यावर बसायचं, मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढायचा. वस्तूचा मुख्य उपयोग इथे संपतो.

वस्तू म्हणजे ॲल्युमिनिअमच्या तीन पट्ट्या. त्यांना भोकं, भोकांच्या मधून डोकावणारे रबराचे ठिपके आणि कोपऱ्यात इटलीतल्या एखाद्या नामांकित कंपनीचं नाव. स्पार्को ट्युरिनची, १९७७ सालची. ओएमपी त्याहून थोडी जुनी, १९७३ची. या नावांनी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक पट्ट्यांनी इटली नकाशातही पाहिलेली नसते, पण अक्षरं ठसठशीत असतात. बसवायच्या तऱ्हा दोन. स्वस्तातली म्हणजे मूळ रबरावरून क्लॅम्पने आवळायची. महागातली म्हणजे कंपनीच्या पेडलाला ड्रिलने आरपार भोकं पाडून नटबोल्ट ठोकायचे. दुसरी तऱ्हा जास्त सुरक्षित, असं जाणकार सांगतात. धडधाकट ब्रेकला भोक पाडणं सुरक्षित वाटू लागलं की समजावं, बाधा पुरती झालेली आहे.

भोकं कशाला? “वजन कमी होतं.” पट्टीतून निघालेला भुगा तळहातावर घेतला तर फुंकरीने उडेल. शिवाय मूळ पेडल जिथल्या तिथे आहे, ही पट्टी त्याच्यावर चढली आहे. म्हणजे वजन वाढलं. गाडी हलकी करण्यासाठी तिच्यावर सामान लादायचं, ही किमया हौशी लोकांनाच जमते.

दुसरं कारण मात्र भारदस्त आहे, आणि ते खोटंही नाही. त्याला म्हणतात हील-अँड-टो. वळणाआधी वेग उतरवताना खालचा गिअर टाकावा लागतो. त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त फिरावं लागतं. समजा ते ३००० फेऱ्यांवर होतं, तर आता ४००० हवेत. तिथवर त्याला आधीच नेऊन ठेवलं नाही तर क्लच सोडताक्षणी गाडी हिसका खाते, आणि मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार असेल तर ऐन वळणात मागची बाजू पुढे यायला निघते. म्हणून डावा पाय क्लचवर, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाची टाच नाहीतर कड ॲक्सिलरेटरवर टेकवून एक हलकी रेस. पाय दोन, पेडलं तीन, आणि हे सगळं एका झटक्यात.

इथे पेडलाची जागा महत्त्वाची ठरते, चमक नव्हे. दोन पेडलांत अंतर किती? ब्रेक करकचून दाबला की तो ॲक्सिलरेटरच्या पातळीला येतो का? जवळ असतील तर एकाच बुटाखाली दोन्ही दबतात, लांब असतील तर टाच पोचत नाही. शर्यतीतली माणसं मिलिमीटरवरून भांडतात ती यासाठी. खऱ्या रेसगाडीत तर पेडलांचा अख्खा सांगाडाच वेगळा असतो. ब्रेकला दोन मास्टर सिलिंडर, त्यांच्यामध्ये एक दांडी, आणि ती फिरवून पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी करता येते. त्याला रेसिंग पेडल म्हणावं. पाय ठेवायची जागा तिथेही बहुधा साधा पत्राच असतो. बाजारात आपण नेमका तेवढा पत्राच विकत आणतो.

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेन्ना याची जुनी फिल्म आहे, सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स हाणतानाची. त्यात कॅमेरा त्याच्या पायांवर रोखला आहे. उजवा पाय असा चालतो की एखाद्या तबलजीने वही घेऊन बसावं. आणि त्या पायात काय? पांढरे मोजे आणि साधे लोफर. आमच्याकडचे वीर ट्युरिनच्या पट्टीवर पाय ठेवतात तो क्रॉक्समधला.

मुळात तिसरं पेडल उरलंय कुठे? निसानने ३७०झेडमध्ये २००९ सालीच असा मेंदू बसवला की खालचा गिअर टाकताना रेस गाडीच देते. फेरारी आणि लॅम्बोर्गिनीने क्लचचं पेडलच उपटून टाकलं, गिअर गेले स्टिअरिंगमागच्या पात्यांवर. फॉर्म्युला वनच्या गाडीत पायाखाली दोनच पेडलं, क्लच हातापाशी. आपल्याकडे २०२१मध्ये ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन आली, धातूची पेडलं थेट कंपनीतूनच घेऊन. इंजिन मात्र साध्या टर्बो आय-ट्वेंटीतलंच. आणि क्लच? एका प्रकारात गिअरही गाडीच टाकणार, दुसऱ्यात गिअर तुम्ही टाकायचे पण क्लच गाडी सांभाळणार. म्हणजे रेसचं पेडल आहे, हील-अँड-टोमधला डावा पाय बेकार. पुढे २०२३मध्ये त्यात साधा मॅन्युअल आला आणि त्या पायाला पुन्हा नोकरी लागली. टाटांची २०१८ची टियागो जेटीपी त्यामानाने सरळ मनाची. पेडलं ॲल्युमिनिअमची दिली, पण वर ११४ पीएसचं टर्बो इंजिनही दिलं. अर्थात ती लवकरच बंद झाली. चमकेला गिऱ्हाईक आहे, इंजिनाला नाही.

आता ज्या पेडलाने शर्यतीतली गाडी खरोखर जोरात पळवली त्याची गोष्ट. साल १९९७, खेळ फॉर्म्युला वनचा. डॅरन हीथ नावाच्या छायाचित्रकाराला आपल्या फोटोंत एक विचित्र गोष्ट दिसली. वळणातून बाहेर पडताना मॅक्लारेनची मागची ब्रेक डिस्क लालबुंद झालेली होती. तिथे तर रेस द्यायची असते, ब्रेक कोण कशाला मारेल? गडी वाट बघत राहिला. सप्टेंबरात नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत दोन्ही मॅक्लारेन पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना बंद पडल्या. हीथने उभ्या गाडीच्या कॉकपिटमध्ये कॅमेरा खुपसला आणि पायांच्या बोळकांडीचा फोटो घेतला. रोल धुतल्यावर दिसलं एक जादा पेडल. ते दाबलं की मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागायचा आणि गाडी वळणात आत खेचली जायची. फोटो मासिकात छापून आला, बोभाटा झाला, आणि १९९८च्या हंगामात फेरारीने ब्राझीलमध्ये तक्रार केल्यावर त्या करामतीवर बंदी आली.

बघा, कामाचं पेडल मालक लपवत होते आणि फोटो काढायला दुसऱ्याला चोरून आत डोकवावं लागलं. बिनकामाच्या पेडलाचा फोटो मालक स्वतःच सकाळी सगळ्या ग्रुपांवर टाकतो.

पेडलाची नुसती टोपी काय करू शकते, हे टेस्लाने २०२४मध्ये शिकवलं. सायबरट्रक, किंमत तेव्हा लाखभर डॉलरच्या घरात. ॲक्सिलरेटरवरची धातूची टोपी बसवायला सोपी जावी म्हणून कारखान्यात कुणीतरी साबण वापरला. साबणच तो, टोपी निसटायला लागली, वर सरकून पुढच्या आवरणात अडकली की पेडल दाबलेलंच राहायचं. ३,८७८ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलाज काय केला? एक रिव्हेट. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या गल्लीत ‘फिटिंग फ्री’ म्हणणारा पोऱ्या क्लॅम्प किती आवळतो ते त्याचं तोच जाणे. आवळतानाही त्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे असतं.

त्यात खाली मॅटचे थर. कंपनीची चटई, तिच्यावर सेव्हन-डीची कातडी कढई, तिच्यावर नूडल्सचा गालिचा. अमेरिकेत २००९मध्ये पेडल मॅटमध्ये अडकण्याच्या धोक्यापायी टोयोटाला सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटरचं पेडल कापून आखूड करून दिलं गेलं. इकडे आपण तेच पेडल पट्टी लावून लांब करतो, खालची जमीन दोन थरांनी वर आणतो, आणि आरशाला लिंबू-मिरची बांधतो.

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. चिखलाचा बूट आणि घासून गुळगुळीत झालेलं ॲल्युमिनिअम यांचं फार पटतं, पाय आपोआप खाली उतरतो. कंपनीचं ते काळं, कुरूप, खाचांचं रबर याचसाठी असतं.

कायदाही आहे बरं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम म्हणतं, मूळ रचनेत परस्पर फेरफार करायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पट्टी हा फेरफार की नुसती सजावट, हे आरटीओने ठरवावं. पण तीन पट्ट्या म्हणजे एक फेरफार की तीन, हा प्रश्न खास सर्वोच्च न्यायालयासाठी राखून ठेवण्यासारखा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला १०० आणि घाटात ६०ची मर्यादा, वर कॅमेरे. या वेगात हील-अँड-टो करणाऱ्याला फक्त शेजारी बसलेली बायको गाठते. “सरळ चालव की रे!”

पेडल सुधारायचंच असेल तर एक साधा उपाय आहे, ब्रेक ऑइल बदला. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हमी १५५वर येते. खंडाळ्याचा उतार ब्रेक दाबत दाबत उतरा, तेलात वाफ होते, आणि पेडल लोण्यासारखं खाली जातं. त्यावरची पट्टी इटलीची असली तरी जातं. दोन वर्षांनी बदलायची ही बाटली काही शे रुपयांत येते. एका उत्साही मालकाला हे सांगितलं तेव्हा त्याने लगेच रस दाखवला. म्हणाला, “त्यात लाल रंग येतो का?”