ग्लुटेनमुक्त, पीठयुक्त
कोपऱ्यावरच्या इटालियन रेस्टॉरंटच्या मेनूवर हल्ली ‘ग्लुटेन-फ्री’ असा शिक्का असतो आणि शिक्क्याचे पैसे वेगळे. खरे तर उत्तर इटलीतला तांदळाचा रिसोत्तो किंवा मक्याचा पोलेंता यांत मुळात गहूच नसतो, म्हणून ग्लुटेनही नसते. पण ते मागवून पथ्याचा रुबाब कसा मिरवणार? म्हणून गव्हाविना पिझ्झाच हवा, तोही मैदा उडणाऱ्या ओट्यावर थापलेला. ग्लुटेन-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते, असे आपल्याकडचा अन्नसुरक्षेचा नियम सांगतो. नेहमीचा पास्ता उकळलेल्या पाण्यातच ग्लुटेन-फ्री पास्ताही शिजला, तर त्या मर्यादेचे काय होत असेल, हे ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णाचे आतडेच सांगते. इटलीने २००५ च्या कायद्यात रुग्णांच्या खास अन्नासाठी सरकारी मदतीबरोबर रेस्टॉरंट चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद केली. आपण छपाईवर भागवले.

यावर कोणी म्हणेल, हौशी पथ्यकऱ्यांनी मागणी वाढवली म्हणून तर रुग्णांना चार पदार्थ मिळू लागले. मान्य, मिळू लागले. पण हाच हौशी गिऱ्हाईक गव्हाविना पिझ्झा संपवून तिरामिसू मागवतो आणि त्यातल्या मैद्याच्या बिस्किटांवर चकार शब्द काढत नाही. स्वयंपाकघर मूर्ख नसते. पथ्य किती गांभीर्याने घ्यायचे, हे ते अशा गिऱ्हाइकांकडूनच शिकते. मग खरा रुग्ण ‘भांडी वेगळी आहेत का?’ असे विचारतो, तेव्हा वेटरला तोच नखरेल वाटतो.